एक्केचाळिसावी वस्तू

शेहेचाळिसाव्या वर्षी काकूंना वारसा जतनाचा डिप्लोमा करायचं खूळ लागलं. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. खूळ केवढं, तर घरच्या तव्यावरची काजळी त्या कुणाला घासू देईनात. ती म्हणे पुरावा आहे. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

शेवटी उरलं संग्रहालयातलं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. ते नीट पार पडलं तर तिथेच नोकरी, आणि काकूंना ती अगदी मनापासून हवी होती. प्रमुख बाईंनी कोठीतल्या चाळीस जुन्या वस्तू नोंदवायला दिल्या. काकूंचा उत्साह काय विचारता! चाळीस संपल्या तरी हात थांबेना. दाराशी एक स्टूल दिसलं. मापं घेतली, वर्णन लिहिलं: तीन पाय मूळचे, चौथा नंतरचा, बैठक दीर्घ वापराने गुळगुळीत. खालच्या बाजूला बारीक नंबर घातला आणि रजिस्टरात पक्क्या शाईने चढवला.

स्टूल पहारेकऱ्याचं होतं. बिचारा चहा प्यायला गेला होता.

आता या लोकांचा कायदा असा, की नंबर पडलेल्या वस्तूला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, मग बूड टेकायची गोष्टच सोडा. नंबर काढायला समिती बसावी लागते, आणि समिती बसते वर्षातून एकदा. तोवर पहारेकरी उभा.

काकूंची पाचावर धारण बसली. नवऱ्याने सुचवलं, यादीतच एक्केचाळीस होत्या म्हणून सांग. पण खोटं बोलायचं म्हटलं की काकूंना उचकी लागते, तेव्हा त्यांनी सरळ जाऊन चूक कबूल केली.

नोकरी गेलीच, असं त्या धरून चालल्या होत्या. बाईंनी नोंद वाचली आणि वापरणाऱ्याचा रकाना कोरा आहे, तो आधी भरा, एवढंच म्हणाल्या.

मग काकू नि पहारेकरी स्टुलाशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. बावीस वर्षांत त्याला कुणी किती वाजले याखेरीज काही विचारलं नव्हतं. चौथा पाय त्याने मोडक्या खाटेचा बसवला होता. लेक झाल्याची बातमी त्याने याच स्टुलावर ऐकली, आणि ती परगावी शिकायला गेली त्या दिवशी यावरच बसून रडला. काकूंनी अडीच पानं भरली, स्वतःही रडल्या.

बाईंनी पानं वाचली, चष्मा पुसला आणि नंबर रद्द करायचा अर्ज पुढे ओढला.

"राहू द्या, बाई," पहारेकरी दारातून म्हणाला. "मी उभा राहीन."

बाईंनी अर्ज फाडला. "उद्यापासून कामावर या," त्या काकूंना म्हणाल्या. "आणि आधी याला एक खुर्ची बघा. नंबर न घालता."