बाबांच्या फोटोला घातलेला हार

हे लिहिताना दार लावून घेतलंय. घरात मी एकटीच राहते, तरीही. ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आता तुम्हाला सांगतेय ती धीर आला म्हणून नव्हे. भीती सोसवेनाशी झालीय, म्हणून.

मी डब्लिनमध्ये सोल गाते, स्वतःची गाणी स्वतः लिहिते. नागपूरची मुलगी सोल गाते म्हटलं की आपली माणसं विचारतात, म्हणजे भजनासारखं का? थोडं तसंच. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून बाहेर पडलेलं गाणं ते, पोटातून गायचं. इथे आले होते सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. डब्लिनजवळच्या डून लेरीत एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, शिरले, तिथून पबमध्ये गायला लागले, आणि एके दिवशी नोकरी सोडली. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी माझा फोन उचलला नाही.

आई मी शाळेत असतानाच गेली. माझ्या वेण्या घालायला, डबे भरायला बाबाच होते— हे मुद्दाम सांगतेय. पुढे मी काय केलं त्याचं वजन तुम्हाला कळावं म्हणून.

त्या न उचललेल्या फोनवर मी गाणं लिहिलं, इंग्रजीत. बाप आहे, घंटी वाजतेय, पलीकडे कुणी बोलत नाही— एवढंच त्यात होतं. लोकांनी कान देऊन ऐकलेलं माझं पहिलं गाणं. एका छोट्या रेडिओवर बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, वडील कधी गेले?

काय म्हणायला हवं होतं मी? गेले नाहीत, रागावलेत— एवढंच ना? पण त्या बाईंचे डोळे भरले होते. रुसलेल्या बापासाठी कोण रडतं?

मी म्हणाले, गेल्या वर्षी.

तिथे थांबले का? नाही. गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरला. करणाऱ्या मुलाला त्यात काहीतरी भारतीय हवं होतं. त्याला आपल्यातलं काही ठाऊक नव्हतं, पणती लावली असती तरी तो खूश झाला असता. मी सुपरमार्केटमधून शेवंतीची फुलं आणली आणि सुईदोरा घेऊन हार ओवला. बाबांचा स्वेटरमधला हसरा फोटो फ्रेम केला. काचेवर चंदन लावलं. आणि आईच्या फोटोला घालायचो तसा हार घातला. जिवंत माणसाच्या फोटोला आपल्याकडे कुणी गमतीतही हार घालू देत नाही, हे मला नव्हतं का माहीत? हार सरळ करायला मी फ्रेमला हात लावला. तो मुलगा म्हणाला, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत झकास, हात असेच ठेव.

गाणं चाललं. अल्बम निघाला, उन्हाळ्यातल्या फेस्टिव्हलांची बोलावणी आली. सोल गाणारा खोटं गायला की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, असं म्हणतात. कुणाला काहीही कळलं नाही. कार्यक्रम संपला की माणसं हात हातात घेऊन म्हणायची, ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ इथे मयताला गेल्यावर हेच म्हणतात. मी मान खाली घालायचे आणि घरी येऊन नागपूरला फोन लावायचे. घंटी वाजून वाजून बंद पडायची. हा नेहमीचाच अबोला, की माझ्या हाराने खरंच काही केलं? कळायला मार्ग नव्हता.

मग एक दिवस बाबांचाच फोन आला. म्हणाले, येतो. उन्हाळ्यात महिनाभर राहतो.

मी डब्लिनच्या ओंगार या उपनगरात राहते. तिथे आपली माणसं पावलापावलावर. मराठी मंडळात जाणं मी कधीचंच बंद केलं होतं, आता बाबांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानातही जाईना. कुणी हाक मारली की रस्ता ओलांडायचे. पण स्लायगो नावाच्या गावातल्या माझ्या कार्यक्रमाला येण्याचा त्यांनी हट्टच धरला. तुझं गाणं मी समोर बसून कधी ऐकायचं, म्हणाले.

ते पहिल्या रांगेत बसले होते. ते गाणं मी त्यांच्याकडे न बघता गायले.

नंतर एक म्हातारी बाई आल्या. माझा हात धरून नेहमीचं ते म्हणाल्या, तुझे वडील वरून ऐकत असतील, म्हणाल्या. बाबा माझ्या शेजारी उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, आपण हिचे कोण? मी खरं सांगू शकले असते. तेव्हाही.

बाबांनी हात पुढे केला. त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत, सावकाश म्हणाले, ‘‘मी तिचा काका.’’

बाईंनी त्यांचंही सांत्वन केलं. भाऊ गेला म्हणून. बाबांनी त्यांचे आभार मानले.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी बसले होते. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘मी पाहिला न तो व्हिडिओ. शेजारच्या सुनेनं दाखवला. म्हणून तर फोन केला होता, बेटा. तुला वाटलं असेल, मी खरंच गेलो.’’

मला तसं कधीच वाटलं नव्हतं. ते जिवंत आहेत हे ठाऊक असूनच मी तो हार ओवला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. गाडी चालवत राहिले. त्यांनी माझ्यासाठी शोधून काढलेलं ते कारण मी मुकाट्याने घेतलं.

महिना संपल्यावर ते नागपूरला परत गेले. आता रोज फोन उचलतात. एखाद्या दिवशी दोन घंट्या जास्त वाजल्या की मी उभी राहून घंट्या मोजायला लागते.

ते गाणं मी अजून गाते. गेल्या शनिवारी कॉर्कला एका मुलीने रडत रडत माझा हात धरला आणि विचारलं, वडिलांची फार आठवण येते का? मी म्हणाले, रोज.