मॉडेम जुळेना आणि वहिनी फोन सोडेनात

रविवारी सकाळी चहा घेऊन मॉडेमसमोर बसलो, तो जेवण गार झालं तरी उठलो नाही. इतका वैताग कित्येक वर्षांत आला नव्हता...

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पूर्वी एक कॉम्प्युटर दुसऱ्याला साध्या टेलिफोनवरून फोन लावायचा, आणि दोघांचं बोलणं जुळवणारी डबी म्हणजे मॉडेम. रोह्याचा माझा मित्र वसंता, त्याने असा फोनवर चालणारा बुलेटिन बोर्ड काढला होता. एका वेळी एकानेच फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला ठेवायचा आणि दुसऱ्यासाठी लाईन सोडायची. मी पेणहून रोज हजर. दोघांनाही कोणी शिकवलं नव्हतं... हात भाजून घेत शिकलो.

मध्यंतरी वसंताला अर्धांगाचा झटका आला. डोकं शाबूत आहे, डावा हात चालतो, पण जीभ जड झाली. आपलं बोलणं लोकांना कळत नाही म्हणून त्याने बोलणंच टाकलं. मोबाईलच्या काचेवर बोट ठरत नाही, मग मोबाईल भिरकावतो. मी भेटायला गेलो, तर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

निघताना त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, हळूच सांगितलं की जुन्या कॉम्प्युटरपुढे मात्र बसतात, बटणं दाबत राहतात. “भाऊ, कसंबी करून त्यांना बोलतं करा. घर मुकं झालंय.”

मग काय... तिथल्या तिथे त्याचा मॉडेम पुसून लाईनला लावला. घंटी वाजली की स्वतःहून उचल, असं त्याला सेटिंग करून दिलं आणि पेणला परतलो. म्हटलं, रविवारी घरून फोन लावतो, पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटं कसली! माझा मॉडेम माळ्यावर, आणि आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना. पोर्टच्या पिनांमध्ये शाडूची धूळ घट्ट बसलेली. दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक पिन साफ केली.

मॉडेमची केबल लागते तो सीरियल पोर्टच आता लॅपटॉपला नसतो. कन्व्हर्टर केबल लावली, तर लॅपटॉपने तिला कॉम सात नंबर दिला, आणि माझा जुना प्रोग्राम कॉम चारच्या पुढे बघायलाच तयार नाही. ते सेटिंग शोधून नंबर बदलला, तर मॉडेम म्हणतो डायल टोन नाही. अरे, मला ऐकू येतोय, तुला का नाही? मग आठवलं... त्या परदेशी डबीला आपल्याकडचा टोन कळतच नाही, टोनची वाट न बघता लाव असं तिला बजावावं लागतं.

त्यानंतर फ्लो कंट्रोल, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांना ‘थांब, आता पाठव’ सांगायची सोय. मी टाइप करतोय आणि पडद्यावर अक्षर नाही. केबलमध्ये त्यासाठीच्या तारा जोडलेल्याच नव्हत्या, ते बंद केलं तेव्हा कुठे अक्षरं उमटली. आता टेलिफोनही फायबरवरून येतो, त्या लाईनला मॉडेमचा वेग झेपेना, म्हणून स्पीड पार चोवीसशेवर आणला. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली नाही.

शेवटी एकदाची रोह्यात घंटी वाजली. मॉडेमचा स्पीकर चालू होता, त्यातून आवाज आला... “हालो? कोन हाय?”

वहिनी!

मॉडेम त्यांच्या कानात किंचाळला, त्यांनी फोन आपटला. मी वहिनींच्या मोबाईलवर फोन करून समजावलं की मॉडेमला उचलू द्या. बरं म्हणाल्या. पुन्हा लावला, पुन्हा हालो. फोनची पिन काढा म्हटलं, तर ती लोखंडी कपाटामागे. कपाट हलवणार कोण... तिसऱ्यांदाही हालो आलं तेव्हा माझा तोल गेला. जरा चढ्या आवाजातच विचारलं की वाजू द्यायला काय होतं?

वहिनी मग म्हणाल्या, “वाजला का हे उठाया बघतात भाऊ. मागं असेच पडले. म्हनून माझा हातच ऱ्हात नाय.”

सकाळपासून पोर्ट, स्पीड, केबल सगळं तपासलं, पण त्या घरात घंटी वाजली की काय होतं हे विचारलंच नव्हतं.

मग डोक्यात आलं, घंटी तिकडे वाजायलाच कशाला हवी? बोर्ड राहू दे बाजूला, वसंतानेच मला फोन लावावा. माझा मॉडेम उचलण्यावर ठेवला आणि वहिनींना म्हटलं, त्याला सांगा, काय टाइप करायचं ते मी सांगतो.

“ते हातानं गप बस म्हनतायत तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या. मागे बटणांचा आवाज येत होता.

माझा घरचा फोन वाजला. मॉडेमने उचलला, दोन्ही डब्या एकमेकींवर किंचाळल्या आणि पडद्यावर ‘कनेक्ट’ आलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी सवयीने केबलवर संशय घेतला...

आणि एकेक अक्षर यायला लागलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, आम्ही पूर्वी लिहायचो तसं. “म्हाताऱ्या, किती वेळ लावलास.”

मी उत्तर टाइप करायला घेतलं. तेवढ्यात पुढची ओळ सुरू झाली, थांबत, चुका खोडत. “हिला सांग. फोन वाजला की मी उठत नाही आता. ही धावते म्हणून अडवायला उठायचो. पडेल ती.”

वहिनी त्याच्या शेजारीच उभ्या होत्या, पण इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. मी मोबाईलवरून वाचून दाखवलं. वहिनी मग फोन न ठेवताच त्याला म्हणाल्या, “हे आता सांगता व्हय?”

वसंता हसला. जड, अडखळतं, पण मला इथे ऐकू आलं.

दिवसभर मॉडेमला घातलेल्या शिव्या मी मनापासून परत घेतो. फ्लो कंट्रोलला घातलेल्या मात्र तशाच राहू द्या...