डोळ्यात वाळू नव्हती

देवीला मराठी कळेनासं झालंय की काय, असं त्या वर्षी मला खरंच वाटू लागलं होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की मी स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या कुलस्वामिनीच्या फोटोपुढे निरांजन लावायचे. उदबत्ती बंद केली होती, कारण ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा. मग हात जोडून म्हणायचे, "आई, माझ्या लेकीला बोलतं कर गं." आमच्या घरात देवीला आईच म्हणतात. सई, माझी लेक, तिथेच पायाशी डबे वाजवत बसलेली असायची. तिला तीन वर्षं पूर्ण होऊन गेली होती, पण तोंडातून एक शब्द फुटला नव्हता. कान तपासून झाले, ते ठणठणीत होते. सांगितलेलं सगळं तिला समजायचं. हवं ते बोटाने दाखवायची, गोड हसायची आणि गप्प बसायची.

आम्ही तेव्हा लंडनजवळ पिनरला राहत होतो. नवरा, मंदार, पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेला, मागोमाग मी. ईलिंगला एका हळदीकुंकवात एका मैत्रिणीने मला बाजूला घेतलं. "अगं, घरी मराठी, नर्सरीत इंग्लिश, मग पोर कन्फ्यूज होणारच ना! सरळ इंग्लिशच बोला तिच्याशी." तिने मायेनेच सांगितलं आणि मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून मराठी हद्दपार झाली आणि मी मम्मी झाले. "सई, कम टू मम्मी" असं म्हणताना मी दुसऱ्याच कुणाचं तरी मूल सांभाळतेय असं वाटायचं. ऑफिसातलं इंग्लिश मला येत होतं, पण लेकीला गुदगुल्या करतानाचं इंग्लिश येत नव्हतं. मंदारला तर रागवायला मराठीच लागायची, त्यामुळे त्याचं रागावणंच बंद झालं, एवढाच काय तो फायदा. मराठी उरली ती फक्त त्या फळीपुढे. देवीला इंग्लिशमध्ये साकडं घालायला काही माझी जीभ रेटेना.

मंदारचा एक मित्र तेव्हा हवाईला होता. तो सारखे ईमेलवर फोटो पाठवायचा. मागे निळाशार समुद्र, माडाची झाडं आणि पुढे त्याचा अनवाणी, उन्हाने रापलेला मुलगा. आमच्या खिडकीतून कौन्सिलचे कचऱ्याचे डबे दिसायचे. त्या मे महिन्यात मंदारने शोधून काढलं, की डेव्हनच्या किनाऱ्यावरही ताडासारखी झाडं आहेत. "झालं आपलं हवाई!" असं म्हणून त्याने फुलाफुलांचा एक शर्ट आणला आणि समुद्रावर पोचल्यावर थंडीमुळे तो चक्क स्वेटरवरून घातला. मी इतकी हसले की सईही हसायला लागली.

सईला तो किनारा फार आवडला. खडकांमधल्या डबक्यांत वाकून वाकून ती इवले खेकडे बघायची, समुद्री शेवाळ ओढून आणून माझ्या मांडीत टाकायची. आजूबाजूची मुलं आरडाओरडा करत होती, "मम, लुक! मम, लुक!" माझ्या पोरीने मला असं काही दाखवायला हाक मारली, तर मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

मी थर्मासमधून चहा ओतत होते आणि मंदार झाडांचे फोटो काढत होता. मला वाटलं सई त्याच्याजवळ आहे, त्याला वाटलं माझ्याजवळ. वर बघितलं तर ती कुठेच नव्हती.

भरती सुरू झाली होती. पलीकडच्या टोकाला मोठे खडक होते आणि पाणी त्यांच्या पायथ्याशी पोचलं होतं. मंदार एका बाजूला पळाला, मी खडकांच्या बाजूला. "सई, व्हेअर आर यू? कम टू मम्मी!" असं ओरडत होते आणि मनात माहीत होतं, की ती अगदी दहा पावलांवर असली तरी ओ देणार नाही. तिला ओ देताच येत नव्हती. मग माझं इंग्लिश संपलं. वाळूत पाय रुतत होते आणि मी रडत, मोठमोठ्याने म्हणत होते, "आई, आता तूच बघ गं. माझ्याने नाही होत."

तेवढ्यात खडकांच्या आडून एक म्हातारी बाई आली. पायात गमबूट, पुढे ओढ घेणारा कुत्रा आणि कडेवर सई. दोघींचे कपडे भिजले होते.

"तुझीच ना ही, लव्ह?" ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "हिच्या डोळ्यात वाळू गेलीय बहुतेक. सारखी 'आय, आय' करून रडतेय. मी माझ्या बाटलीतल्या पाण्याने डोळे धुतले, दोनदा नीट बघितलं, पण आत काही दिसत नाही गं."

सईने माझ्याकडे हात पसरले आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

मी वाळूत बसकण मारली. त्या बाईला म्हटलं, की सईचे डोळे ठीक आहेत, आमच्या भाषेत मदरला असंच म्हणतात. "ओह, ब्लेस हर!" असं म्हणून ती इतकी हसली की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडचा चहा घेताना तिने सांगितलं, की ती रोज दुसऱ्या बाजूला फिरायला जाते, आज कुत्र्यानेच हट्टाने इकडे ओढून आणलं. आणखी थोड्या वेळात त्या खडकांमागे पाणी भरलं असतं. मग कुत्र्याला घेऊन ती निघून गेली.

परतताना गाडीत आम्ही तिघंही मराठीत बोलत होतो. सईच्या वाट्याला एकच शब्द होता, पण तो तिने पिनर येईपर्यंत पुरवला. पुढचे शब्द सावकाश आले, आपापल्या वेळेला, दोन्ही भाषांमधले. आम्ही मोजत बसलो नाही.

नंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कितीतरी महिने आमच्या घरात 'आई' हा शब्द मी माझ्यासाठी वापरलाच नव्हता. सईच्या कानावर तो पडत होता फक्त सकाळी, निरांजनापुढे. मी तिला बोलतं करायला जे जे काही केलं, त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. जिथे मी काही शिकवत नव्हते, नुसती हात जोडून उभी होते, तिथे ती शिकली. अडचणीत कुणाला हाक मारायची, तेही तिथेच शिकली असावी. त्या दिवसापासून मी देवीला, हे असंच कर आणि आत्ताच कर, असं सांगणं सोडलं. निरांजन लावते, नमस्कार करते आणि कामाला लागते.

त्या खडकांमागे सईने मला हाक मारली की फळीवरच्या आईला, हे मला कधीच ठरवता आलं नाही. मी जिवाच्या आकांताने धावत होते, आणि ती माझ्याआधी पोचली होती.