कुंकवाचा काळा ठिपका

त्याचा एकच फोटो होता. झरी गावी त्याच्या घरी मी तो मागायला गेलो तेव्हा त्याच्या आईने, आम्ही तिला मावशीच म्हणायचो, भिंतीवरून उतरवून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. म्हणाली, "सांभाळून ने बाबा. येवढाच हाय."

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात त्याच्या पोटात पोलिसांच्या लाठ्या बसल्या. घरी आला, अंथरुणाला खिळला, रक्त ओकत मेला. मरणाच्या दाखल्यावर मात्र कावीळ लिहिली गेली. तो आमच्या बौद्ध वस्तीतला नव्हता. कोरडवाहू तुकडा कसून ऊस तोडायला जाणाऱ्या घरातला, पण मोर्चात आमच्या पुढे चालणारा. त्याची भावकी मावशीला तोंडावर बोलायची, "दुसऱ्याच्या नावापायी लेक घालवलास." मावशीला एकच पाहिजे होतं. आपला लेक कशाने मेला ते लोकांनी खरं ऐकावं.

पत्रकं आम्ही ढिगाने काढली होती. पण ज्याला वाचता येत नाही तो पत्रकात शेव बांधतो. म्हणून आमच्या नामांतर समितीने व्हिडिओ कॅसेट करायची ठरवली. मोर्चा, भाषणं आणि शेवटी त्याचा चेहरा. ती टीव्हीवर गावोगाव दाखवायची.

परभणीत लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका दुकानात संगणक आला होता. नवरानवरीचे फोटो त्यात घालून दुकानदार ते पडद्यावर हलवायचा, फिरवायचा. आम्ही तिथे गेलो. दुकानदाराने साबणाच्या वडीएवढं स्कॅनरचं यंत्र फोटोवरून हळूहळू ओढलं. हात जरा हलला की चेहरा वाकडा यायचा, मग परत पहिल्यापासून. चित्र आत आलं तरी हलवायचा प्रोग्राम ते घेईना. "ह्याला दुसऱ्या जातीची फाइल लागते," तो म्हणाला. मी म्हणालो, "इथंबी जात हाय का?" तो हसला. फाइल बदलून घेतली आणि शेवटी चेहरा पडद्यावर आला.

कपाळाच्या मधोमध काळं भोक.

फोटोला काच नव्हती. मावशी रोज अंघोळ करून फोटोलाच कुंकू लावायची. तेलाचं बोट असायचं, कुंकू कागदात मुरलं होतं. आमच्या वस्तीत गेलेल्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावतात, कुंकू ही त्यांच्याकडची रीत म्हणून आमच्यातल्या कुणी त्या लाल ठिपक्याचा आधी विचारच केला नव्हता. दुकानदार म्हणाला, "यंत्राचा दिवा हिरवा हाय. हिरव्या उजेडात लाल काळं दिसतं. बसून एकेक ठिपका भरला तर निघंल."

मी म्हणालो, "भरा."

समितीचे अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून बघत होते. म्हणाले, "राहू द्या."

"साहेब, गोळी लागल्यावानी दिसतंय."

"मग दिसू द्या की. पोटातली लाठी कुणाला दिसायलीय?"

"पण गोळी झालीच न्हाई."

"तू पत्रकं लिही. लोकं कशाने पेटतात ते मला कळतं."

मी लय भांडलो. ठिपका राहिला.

झरीत शाळेच्या ओट्यावर दिवेलागणीला टीव्ही लावला. मावशीला पुढे बसवलं होतं. शेवटी तिचा लेक आला. लांबून बारीक, मग मोठा मोठा होत अख्ख्या काचेएवढा. मागून कुणीतरी म्हणालं, "डोक्यातच घातली की गोळी." बायका हळहळल्या. मावशी उठली, टीव्हीपाशी गेली आणि पदराने त्याचं कपाळ पुसायला लागली. पुसते तोवर चेहरा फिरायला लागला. दुकानदाराच्या प्रोग्राममध्ये फोटो पडद्याबाहेर जायचा तो लग्नाच्या कॅसेटमधल्यासारखाच, गरगर फिरत. चेहरा गेला. तिचा पदर मोकळ्या काचेवर तसाच.

"गोळी न्हाई लागली त्याला," ती लोकांकडे वळून म्हणाली. "पोटात मारलं होतं. ते कुंकू हाय, माजं."

भावकीतला एकजण हसला. "बघा. म्हणजे ह्यांचं सगळंच खोटं. कावीळच होती."

मी उठून ओरडून सांगितलं, लाठी, पोट, रक्त, सगळं सांगितलं. ऐकलं कुणी? खोट्याच्या शेजारी बसवलेलं खरं खोटंच दिसतं. आमच्याकडे खरं कमी होतं का, की आईच्या बोटाची खूण उचलून गोळी म्हणून विकावी? हे मी समितीच्या बैठकीतही विचारलं. उत्तर आलं, कॅसेट मानवतला चांगली चालली.

मी एकटा दुकानात गेलो, म्हटलं ठिपका काढून द्या. तो म्हणाला, "दादा, लगीनसराई लागली. जागा पाहिजे होती, फाइल पुसली." फोटो तेवढा परत दिला, तो मी मावशीकडे पोचता केला.

पुढे नामांतर झालं. आम्ही गुलाल उधळला, मीही उधळला. त्यानंतर झरीला गेलो. फोटो भिंतीवर होता. मावशीने कपाळ ओल्या फडक्याने घासलं होतं. कुंकू निघालं नव्हतं, वरचा कागद मात्र निघाला होता. भुवयांच्या वर पांढरा खरखरीत डाग.

"लावावं का न्हाई आता?" तिने मला विचारलं.

तिने करंड्यात बोट बुडवलं, कपाळापर्यंत नेलं आणि फोटोखालच्या भिंतीला टेकवलं.