ओल्या बादलीतली पोळी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. पालीला भिते, कुलसचिवांच्या शिपायाला भिते, अनोळखी नंबरावरून आलेला फोन उचलायलाही भिते. अशा बाईला आमच्या विद्यापीठानं मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन नेमलं. पण खताच्या बाबतीत मी वाघीण होते. मेसमागच्या पडीक जागेत विटांचे दोन हौद बांधून घेतले, उष्टं तोलायला काटा ठेवला आणि कालचं उष्टं किती ते रोज दारातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. आकडा वाढला की मी दिवसभर तोंड फुगवून बसायची. पोरी मला मागून 'उष्टीबाई' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

खोल्यांतल्या कचऱ्याच्या टोपल्या मी काढून टाकल्या होत्या. ओल्या कचऱ्याला मेसच्या दाराशी हिरवी बादली, कोरड्याला प्रत्येक मजल्यावर निळी. निळ्या बादल्या मी रोज सकाळी वर्तमानपत्र पसरून स्वतः उपड्या करायची. एखादं केळ्याचं साल निघालं की त्या मजल्याची खैर नसायची. हिरवीकडे मला बघावं लागत नसे. तिच्याकडे काकू होत्या.

काकू सिंदी मेघेहून यायच्या. हौद वरखाली करणं, त्यात वाळलेला पाला टाकणं, पाणी शिंपडणं ही सगळी कामं त्यांची. त्यांच्या घरी एक गाय होती. उष्टं हौदात ओतण्याआधी काकू बादलीत कोपरापर्यंत हात घालायच्या आणि दात न लागलेल्या पोळ्या गाईसाठी वेगळ्या काढायच्या. मी रबरी हातमोजे आणून दिले, ते त्यांनी खिळ्याला टांगले.

"अन्नाले मोजे घालून काऊन हात लावाव, मॅडम? ते का घाण हाय?"

मी फार आग्रह केला नाही. पोळ्या निघून गेल्या की हौदाशी उंदीर कमी यायचे, म्हणजे ते माझ्या सोयीचंच होतं.

विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरची समिती यायची होती. तिच्या आदल्या दिवशी सकाळी मी फळा पुसत होते. मागून काकू म्हणाल्या, "मॅडम, पाहा बरं जरा, काय रुतलं ते." त्या ओरडल्या नव्हत्या. उजव्या हाताच्या बोटावर रक्ताचा थेंब होता आणि डाव्या हातात एक घट्ट गुंडाळलेली अख्खी पोळी. मी ती उलगडली. आत इंजेक्शनची बारीक सुई होती, बिनटोपणाची.

कोणाची सुई, कोणाचं रक्त, त्यात कसले कसले आजार, हे सगळं एका क्षणात डोक्यात फिरून गेलं. आणि त्याच क्षणी, लाज वाटते सांगायला, समितीही आठवली. उद्या ते लोक हौद बघणार, आणि आज माझ्या उष्ट्यात सुई निघाली. वसतिगृहात नशा चालते म्हणतील. पेपरात येईल. माझी नोकरी जाईल. दोन्ही भीती बरोबरच आल्या, पण दुसरीनं पहिलीला कोपरानं मागे ढकललं.

मी काकूंचं बोट नळाखाली धरलं, साबणानं धुतलं, पट्टी बांधली. मग म्हणाले, "काकू, उद्या समिती आहे. ती जाईपर्यंत थांबू या. कोणाला सांगू नका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरं मॅडम," म्हणाल्या आणि हौदाकडे गेल्या.

तो दिवस मी कसा काढला, मलाच माहीत. सुई एका जुन्या औषधाच्या बाटलीत घालून कपाटात ठेवली होती आणि दर तासाला कुलूप ओढून बघत होते. जेवणाचं ताट तसंच परत केलं. माझंच उष्टं त्या दिवशी काट्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका वयस्कर सरांनी हौदातलं मूठभर खत उचलून नाकाशी नेलं आणि मान डोलावली. मग त्यांचं लक्ष काकूंच्या बोटाकडे गेलं. "काय झालं बाई?"

"इळी लागली, साहेब," काकू म्हणाल्या.

सर पुढे गेले.

समितीच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या तशी मी काकूंना ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुलगी माझ्या विद्यार्थिनींहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं बाटलीतली सुई पाहिली आणि विचारलं, "कधी टोचली?"

"आजच सकाळी," काकू पटकन म्हणाल्या. त्या मला वाचवत होत्या. मी गप्प बसले असते तर सगळं निभावलंही असतं. पण डॉक्टरनं लिहायला पेन टेकवलं आणि मला एकाएकी समितीची भीती वाटेनाशी झाली. नुसती काकूंची वाटली.

"आज नाही, काल," मी म्हणाले. "काल सकाळी साडेसातला. मीच यांना थांबवलं."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. कालची तारीख लिहिली. मग काकूंना समजावून सांगितलं की अशा वेळी एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या, आता ताबडतोब घ्या, अठ्ठावीस दिवस चुकवू नका. मला म्हणाली, "सुई कोणाची हे कळलं तर त्या व्यक्तीचं रक्त तपासता येईल. कदाचित या गोळ्या लागणारही नाहीत."

संध्याकाळी मेसमध्ये मी उभी राहिले. जिची सुई असेल तिनं मला एकटीला येऊन सांगावं, मी रागावणार नाही, नाव कुठे जाणार नाही, असं सांगितलं. कोणी वर बघेना. रागावणार नाही असं मी याआधीही बरेचदा म्हटलेलं होतं.

गोळ्या काकूंना सोसेनात. सकाळी त्या हौदाशी यायच्या आणि कुंपणाला धरून ओकायच्या. मी सुट्टी घ्या म्हणाले तर म्हणाल्या, घरी बसली तं लोक इचारतीन. आता त्या हातमोजे घालत होत्या. गाईसाठी पोळ्या काढणं बंद झालं होतं. मी रोज फळ्यासमोर खडू घेऊन उभी राहायची आणि आकडा न लिहिताच परत यायची. काकूंना काही झालं तर, एवढंच मनात असायचं. त्यापुढचं वाक्य मी पुरं करत नसे.

पाचव्या दिवशी दुपारी एक पोरगी दाराशी येऊन उभी राहिली. दुसऱ्या वर्षाची, अल्लीपूरची, घरी भाजीपाल्याची शेती. फळ्यावरचा आकडा कमी झाला की टाळ्या वाजवणारी.

"मले शुगर हाय, मॅडम. बाराव्या वर्षापासून. रोज इन्सुलिन घ्या लागते. बाबांनी सांगतलं का कोणाले सांगू नको, उद्या लग्नाले तरास होईन. घरून डबी आणली होती वापरलेल्या सुया ठेवाले, ते भरली."

"अगं, मग कोरड्या बादलीत..." म्हणता म्हणता मीच थांबले.

"कोरडी तं तुम्ही उपडी करून पाहता," ती म्हणाली. "ओल्यात कोणीच हात नाई घालत, असं वाटलं मले."

मी तिला रागावणार होते. पण हिरव्या बादलीकडे कोणीच बघत नाही, असं मीही तीन वर्षं धरूनच चालले होते. मी तिला पाणी दिलं आणि दवाखान्यात घेऊन गेले.

तिच्या रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरनं काकूंच्या गोळ्या थांबवल्या. पुढे एकदा तपासणीला या म्हणाली, पण ते बोलताना पहिल्यांदा हसली.

बाहेर पिंपळाच्या पारावर मी काकूंना सांगितलं की सुई एका पोरीची होती, आजार लागणारा नव्हता, नाव मात्र विचारू नका. त्यांनी ते विचारलं नाही. मग मी त्यांची माफी मागितली, त्या दिवशी थांबवल्याबद्दल.

काकू जरा गोंधळल्या. "माफी काऊन? मले तं त्याचाच धीर होता," म्हणाल्या. "मले वाटलं, मॅडम शिकल्या हाय, थांबा म्हणून राह्यल्या, म्हंजे भ्यायसारखं काई नसन. म्हणून तं मी त्या रोजी घरी जाऊन खुशाल जेवली."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि ऑटो बघायला उठल्या. मला काही केल्या उठता येईना.