आडोसा

संघातले सगळे त्याला आडोसा म्हणायचे. सायकलच्या शर्यतीत पुढचा स्वार वारा झेलतो आणि त्याच्या पाठीशी लपलेला आरामात जातो. हा गडी पहिल्या दिवसापासून पुढचा. कप्तानासाठी वारा कापायचा, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या आणि शेवटची रेघ दिसली की कोपर हलवून 'जा पुढे' अशी खूण करत बाजूला व्हायचं. मग कप्तान सुसाट सुटायचा, हात वर करायचा, फोटो निघायचे. आडोसा पोचायचा तोवर कॅमेरेवाले वायरी गुंडाळत असायचे. त्याला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते त्याच्या ताईला.

"एकदा तरी हात वर करून ये रे," ती म्हणायची. "टीव्हीसमोर बसून बसून म्हातारी झाले मी."

आता त्याचंही वय झालं होतं, करार संपत आला होता. अशात एका शर्यतीत कप्तान उतारावर आपटला आणि खांदा मोडून घेऊन दवाखान्यात गेला. कानातल्या यंत्रात मॅनेजर ओरडला, "कुणासाठी थांबू नकोस! आज तूच जिंकायचंस!"

आडोसा गोंधळला. स्वतःसाठी जोर लावायचा म्हणजे नेमका कधी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पाय मात्र झकास चालत होते. चढावर एकेक जण गळत गेला. शेवटी मागे उरला दुसऱ्या संघाचा एकच भिडू, तोही पार मेटाकुटीला आलेला.

रेघ दिसली. मागून धापांचा आवाज आला आणि आडोशाचं कोपर हललं. अगदी आदबीनं तो बाजूला झाला. भिडूला क्षणभर काही कळेना. मग तो सुटला आणि जिंकला.

कुणी म्हणालं दमला, कुणी म्हणालं घाबरला, कुणी म्हणालं विकला गेला. आडोशानं सगळी कारणं मनाशी तपासून पाहिली. एकही पटेना.

ताईचा फोन आला. "बाजूला का झालास?"

"मागे माणूस होता ना, ताई."

"अरे गाढवा, तो आपला नव्हता!"

"हो, ते नंतर लक्षात आलं."

ताई रडायला लागली. त्याला धड समजूतही घालता येईना.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. शिव्या खायच्या तयारीनंच तो गेला. मॅनेजरनं नवा करार पुढे सरकवला.

"राहा आमच्याकडेच. विचारही न करता बाजूला होणारा माणूस शोधून सापडत नाही."

हे कौतुक होतं की थोबाडीत मारणं? त्यानं सही केली, थँक्यूसुद्धा म्हणाला. खोलीवर येऊन ताईला कळवायला फोन उचलला. पण ही बातमी हसत सांगायची की रडत, हे काही केल्या ठरेना.