पाणी तोडलेला बगीचा

मी पर्यावरणशास्त्रज्ञ आहे म्हटलं की सौंसरच्या बसस्टँडवर हमखास प्रश्न येतो, "म्हणजे झाडं लावता का?" नाही, झाडं मी लावत नाही. एखादं गाव, एखादी जमीन किती धक्के सोसते आणि सोसून पुन्हा कशी उभी राहते, ते मी मोजते. माती, नाले, मधमाश्या माणसाला जे गुपचूप देत असतात त्याची दखल सरकारी कागदात घेतली जावी म्हणून भांडते. भांडायला मला आवडतं. लहानपणी घरात सगळे म्हणायचे, हिला वकील करा.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एक मोठी चूक केली, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासानं. नाल्यांवर बांध घालून संत्र्याच्या बगीच्यांना पाणी पुरवायची योजना होती. ती कोणत्या गावांना द्यायची, त्याची यादी आमच्या भोपाळच्या संस्थेनं करायची होती. जिथले बगीचे वाचण्यापलीकडे गेले तिथे बांध नाही. तिथे संत्री उपटून दुसरं पीक घ्या, असं सांगायचं. मी उपग्रहाची चित्रं घेतली ती ऐन हिवाळ्यातली, आभाळ निरभ्र असतं म्हणून. हिरवं ते तगलेलं, फिकं ते गेलेलं. लोधीखेड्याजवळचं माझ्या आत्याचं गाव पार फिकं निघालं. वाईट वाटलं, पण आत्याचं गाव म्हणून मी सूट दिली नाही, आणि वर त्याचा मला अभिमान!

बैठक पांढुर्ण्यात होती. तिच्या आदल्या दुपारी मी आत्याकडे गेले. बातमी तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच मनात होतं. बगीचा ती एकटीच सांभाळते. मी चित्र पुढे केलं. तिनं चष्मा पुसला.

"आमचं गाव इतकं फिक्कं काऊन दाखवून राहिली वं?"

"झाडं मरून राहिली, आत्या."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "मरून नाही राहिली बाई! पाणी तोडलं आम्ही. आंब्या बहार, म्हंजे हिवाळा सरताचं फूल, घ्याचं तं झाडाले ताण द्या लागते. उपाशी राह्यलं, मंग पाणी देल्लं, का फुलावर येते."

आम्ही पांढुर्ण्याचे, वडील मास्तर. संत्री घरी टोपलीनं यायची आणि आत्याचा बगीचा मी पाहिला तो फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. हिवाळ्यात सगळं गाव ठरवून झाडांचं पाणी बंद करतं, हे मला ठाऊकच नव्हतं. जे गाव जितकं शिस्तीचं, तितकं माझ्या चित्रात फिकं. इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं मला बगीच्यात नेलं. काल दुपारी माना टाकलेली पानं ताठ उभी होती.

"दुपारी पडलेलं पान सकाळी उठते का, ते पाहाचं. उठते तोवर ताण चालते. नाही उठलं तं लगेच पाणी द्याचं."

जे मोजायला मी भोपाळला बसले होते, ते आत्या रोज सकाळी चहाच्या आधी मोजत होती.

बैठकीत मी उभी राहिले, आत्यानं दाखवलेलं सांगितलं आणि माझीच यादी परत मागितली. संस्थेच्या साहेबांनी मला व्हरांड्यात नेलं. "एक बुआ के कहने पर?"

"हो," मी म्हटलं, "आणि सकाळी स्वतः पाहिलं म्हणून." आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. झाडांना पाणी दिल्यावर पुन्हा चित्र घ्यायचं, असं ठरलं. तेव्हाही गाव फिकं दिसलं, तर पहिली यादी कायम आणि गावाचा बांध गेला.

फेब्रुवारीत मी गेले तेव्हा फुलांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. नव्या चित्रात गाव हिरवंगार होतं. मी जाम खूश. आता एकेका बगीच्याची नोंद तेवढी राहिली होती, ती मी आत्यापासून सुरू केली.

तिच्या झाडांच्या शेवटच्या दोन ओळींवर मात्र एक फूल नव्हतं. पाणी द्यायची वेळ आली तेव्हा विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, ते तिथवर पोचलंच नव्हतं. मला ती यातलं काही बोलली नव्हती. सगळ्यात जुनी झाडं होती ती, नवी नवरी असताना तिनं स्वतः लावलेली.

"आठ दिवस थांबू या, आत्या. उठतील."

तिनं एका फांदीची साल नखानं खरवडली. आत सगळं कोरडं, तपकिरी. दुसऱ्या झाडापाशी गेली, तिसऱ्यापाशी गेली. मग पदरानं हात पुसत माझ्याकडे वळली.

"गेल्या ह्या. गेल्या म्हणूनच लिही. आत्याच्या हायेत म्हणून हिरव्या करशीन, तं बाकीच्याईचं खरं कोण मानीन?"

मला रडू आलं, तिला नाही. मी कागदावर दोन ओळी गेल्याचं लिहिलं, आणि ते नीट लिहिलंय की नाही हे तिनं चष्मा लावून वाचून पाहिलं.